गुण चांगले, तरी प्रवेश नाही! क्रेडिट कार्डाचा अर्ज का नाकारला जातो?



वार्तापत्राच्या या पानावर आम्ही एरवी परीक्षा, शिस्त, वाचन यांबद्दल लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो आपल्या शाळेच्या अंगणातूनच आला आहे.

मागच्या पालक सभेनंतर सगळे निघून गेले तरी एक भगिनी थांबून होत्या. त्यांचा मुलगा आपल्याकडे आठवीत आहे. त्या घरून डबे करून देतात; वसतिगृहातली मुले आणि दोन-तीन कचेऱ्या मिळून रोजचे चाळीसेक डबे. त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "सर, हे बघा, माझा सिबिल सातशे ऐंशी आहे. फ्रिजचे, मिक्सरचे सगळे हप्ते तारखेला भरले. तरी बँकेने क्रेडिट कार्डाला नाही म्हटलं. माझ्यात काय खोट आहे, एवढं तरी मला कळू दे."

‘खोट’ हा शब्द आमच्या मनाला लागला. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःला विचारला होता. आमचाही स्कोअर चांगला होता, आणि आमचाही अर्ज एकदा नव्हे, दोनदा परत आला होता. शाळेचा प्राचार्य, तीस वर्षांची नोकरी, एक हप्ता कधी चुकला नाही, आणि तरी नकार! त्या वेळी आम्ही ही गोष्ट घरातही नीट सांगितली नव्हती. आता वाटते की सांगायला हवी होती. त्या भगिनींना जे समजावून सांगितले, तेच त्यांच्या परवानगीने आणि नाव न देता येथे लिहीत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने कुठे ‘आवेदन’ किंवा ‘बाबू’ असा शब्द आला, तर मराठीच्या शिक्षकांनी तेवढी सूट द्यावी.

स्कोअर म्हणजे काय, आणि काय नाही

आपल्या देशात लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचे कामकाज २००५ सालच्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालते. यांत सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. म्हणून वनस्पती तुपाला जसे आपण सरसकट ‘डालडा’ म्हणतो, तसे कोणत्याही स्कोअरला ‘सिबिल’ म्हणायची रीत पडली. वास्तविक चारही कंपन्या आपापला स्कोअर काढतात, आणि एकाच माणसाचे चार ठिकाणचे आकडे थोडेफार वेगळे असू शकतात. आपण मोबाइलवर एका कंपनीचा आकडा पाहतो आणि बँक दुसऱ्याच कंपनीचा अहवाल मागवते, असेही घडते.

हा स्कोअर ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. तो काढताना साधारणपणे या गोष्टी पाहतात: हप्ते आणि कार्डाची बिले वेळेवर भरली का, मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरली, कर्जाचे खाते किती जुने आहे, कर्जे कोणत्या प्रकारची आहेत, आणि अलीकडे किती ठिकाणी नव्या कर्जासाठी अर्ज केले. म्हणजे घेतलेले उधार माणसाने कसे फेडले, याचा हा हिशेब आहे.

आता या हिशेबात काय नाही, तेही पाहा. पगार नाही, बचत खात्यातील शिल्लक नाही, मुदत ठेव नाही, घरातले सोने नाही. आपण स्वभावाने कसे आहोत, हे तर मुळीच नाही.

प्राचार्य म्हणून आम्हाला यात रोजचीच गोष्ट दिसते. नववीच्या प्रवेशासाठी एखादा मुलगा ब्याण्णव टक्क्यांची मार्कशीट घेऊन येतो. मार्कशीट एवढेच सांगते की मागच्या वर्षी याने चांगला अभ्यास केला. पण प्रवेश देताना शाळा सोडल्याचा दाखला बघावा लागतो, जन्मतारीख दोन कागदांवर एकच आहे का ते बघावे लागते, आणि वर्गात जागा आहे का तेही बघावे लागते. यातले एकही जुळले नाही, तर ब्याण्णव टक्क्यांनाही ‘नाही’ म्हणावे लागते. त्या मुलात काही खोट आहे, असे त्यावरून कोणी म्हणत नाही.

क्रेडिट कार्डाचे तसेच आहे. स्कोअर ही मार्कशीट, आणि कार्ड हा प्रवेश. ७५० च्या वर स्कोअर असला की कार्ड मिळालेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

कार्डाच्या बाबतीतच बँक एवढी चोखंदळ का?

घरासाठी कर्ज दिले तर बँकेकडे घर गहाण असते. सोन्यावर दिले तर सोने तिजोरीत असते. क्रेडिट कार्डावर दिलेल्या उधारीमागे मात्र बहुतेक वेळा काहीच तारण नसते, फक्त विश्वास असतो. माणसाने फेडले नाही तर बँकेच्या हाती विकायला काही नाही.

दुसरी गोष्ट अशी की १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डावरील येण्याचे जोखीम-भारांकन १२५ टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेले. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. बँकेला प्रत्येक कर्जामागे स्वतःचे काही भांडवल बाजूला ठेवावे लागते. किमान ९ टक्क्यांचा नियम धरला, तर कार्डावरच्या १०० रुपयांमागे पूर्वी सव्वाअकरा रुपये ठेवावे लागत, या बदलानंतर साडेतेरा रुपये. साहजिकच बँका कार्ड देताना हात आखडता घेऊ लागल्या.

नकाराची नेहमीची कारणे

पहिले कारण म्हणजे उत्पन्नाचा पुरावा. स्कोअरमध्ये उत्पन्न नसते, म्हणून बँक ते वेगळे मागते: पगारपत्रक, फॉर्म १६, आयकर विवरण, खात्याचा उतारा. आमच्या डबेवाल्या भगिनींचे नेमके इथे अडले होते. डबे त्या करतात, हप्ते त्यांच्या नावाचे आणि तेही वेळेवर भरलेले; पण डब्यांचे पैसे यजमानांच्या क्यूआर कोडवर त्यांच्याच खात्यात जमा होतात. श्रम यांचे, आणि कागदावर उत्पन्न दुसऱ्याचे! बँकेने यांचे खाते पाहिले तर त्यात महिन्याला हप्त्यापुरती रक्कम येते आणि जाते. बँकेच्या दृष्टीने या बाईंना उत्पन्नच नाही. शिकवण्या घेणाऱ्या, पापड-लोणची करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या आपल्या कितीतरी माता-भगिनींची हीच स्थिती असेल.

दुसरे कारण हप्त्यांचे ओझे. हातात येणाऱ्या पगारातील किती हिस्सा आधीच हप्त्यांत जातो, हे बँक पाहते. प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी असते, पण निम्मा पगार हप्त्यांत जाऊ लागला की बहुतेक ठिकाणी भुवया उंचावतात. गंमत अशी की अनेक हप्ते वेळेवर भरल्यानेच स्कोअर चांगला झालेला असतो, आणि तेच हप्ते नव्या कार्डाच्या आड येतात.

तिसरे कारण, छोटा इतिहास. एकच मोबाइल हप्त्यावर घेतला, दहा महिन्यांत फेडला, आणि स्कोअर ७७० आला. आकडा खरा आहे, पण तो एकाच घटक चाचणीचा निकाल आहे, वार्षिक परीक्षेचा नव्हे. दहा हजारांचे कर्ज फेडणारा माणूस लाखाची मर्यादा कशी सांभाळील, हे त्यावरून बँकेला कळत नाही. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही, त्याचा तर स्कोअरच नसतो. मात्र प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे.

चौथे कारण, घाईघाईचे अर्ज. एका बँकेने नाही म्हटले की माणूस रागाने दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज करतो. मॉलमधल्या टेबलावर बसलेला प्रतिनिधी एकाच बैठकीत तीन बँकांच्या अर्जांवर सह्या घेतो. यातल्या प्रत्येक बँकेने अहवाल मागवला की त्याची नोंद होते. चौथी बँक पाहते की महिन्याभरात तीन ठिकाणी मागणी झाली आहे, आणि तिला वाटते की या घरी पैशाची तातडीची अडचण दिसते. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला, तर मात्र स्कोअरवर काही परिणाम होत नाही. तो निःशंक मनाने पाहावा.

पाचवे कारण, जुना शेरा. काही वर्षांपूर्वी एखाद्या कार्डाची थकबाकी चाळीस हजार होती, बँकेशी बोलून पंचवीस हजारांत मिटवली. आपल्या दृष्टीने प्रकरण संपले. अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘बंद’ असे न लिहिता ‘सेटल्ड’ असे लिहिले जाते, म्हणजे पूर्ण पैसे न घेता मिटवलेले. पुढे चांगल्या वागणुकीने स्कोअर वर आला तरी हा शेरा वाचणाऱ्याच्या नजरेत भरतो. वर्षभर पहिला नंबर काढणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातला लाल शाईचा एक शेरा पालकांना जसा आधी दिसतो, तसे ते आहे.

सहावे कारण, बँकेचे स्वतःचे निकष. वयाची अट, किमान उत्पन्नाची अट, आपण राहतो त्या पिनकोडला कार्ड देण्याची सोय, नोकरी देणाऱ्या संस्थेचे बँकेच्या यादीतील स्थान, त्याच बँकेत नुकताच केलेला अर्ज. यांतल्या काही गोष्टी आपल्या हातातच नसतात.

नावांचा घोळ

सातवे कारण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांत विशेष दिसते, म्हणून वेगळे लिहितो. पतमाहिती कंपनी माणसाला ओळखते ती नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि फोन यांवरून. आपल्याकडे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, मग आडनाव. इथल्या सरकारी कागदांवर मधले नाव कधी असते, कधी गळते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी माणूस रोमन लिपीत ‘डी’ने सुरू करतो, आणि इथला हिंदीभाषी बाबू ‘जी’ने. आमच्या एका सहकाऱ्यांच्या पॅनवर एक ज्ञानेश्वर आहेत आणि आधारवर दुसरे!

त्यातही भगिनींची अडचण मोठी. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि आपल्या काही घरांत तर पहिले नावही बदलायची रीत होती. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँक खाते तिसऱ्याच स्पेलिंगने. मग कधी अहवाल दोन तुकड्यांत विभागला जातो, कधी दुसऱ्याच एखाद्या नामसाधर्म्याच्या व्यक्तीचे कर्ज आपल्या नावावर दिसते, आणि कधी संगणक ‘ओळख जुळत नाही’ असे म्हणून आवेदन बाजूला टाकतो.

फोनचेही तसेच. आमचा स्वतःचा पहिला नकार फोनमुळे आला. पडताळणीसाठी बँकेचा फोन आला तो भर तासिकेत. वर्गात मोबाइल न्यायचा नाही, हा शाळेचा नियम आम्हीच केलेला, आणि म्हणून आमचा फोन कपाटात बंद! शाळेच्या कचेरीतला जुना दूरध्वनी पावसाळ्यात मुका झालेला. दोनदा प्रयत्न करून बँकेने प्रकरण बंद केले. आम्ही मात्र आठ दिवस आपल्या पतीची चिंता करत बसलो.

जामीनदाराची सही

दुसऱ्या नकाराची गोष्ट जरा गंभीर आहे. या वेळी आम्ही फोन जवळ ठेवला होता, कागद सगळे नीट दिले होते. तरी नाही. लेखी कारण मागितले तेव्हा उत्तर आले: विद्यमान देणी उत्पन्नाच्या मानाने जास्त. आम्हाला आश्चर्य वाटले, कारण आमचे घराचे कर्ज केव्हाच फिटले होते. पतअहवाल मागवला आणि उलगडा झाला.

त्यात दोन कर्जे होती. एक मुलीचे शैक्षणिक कर्ज. अशा कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे ती पूर्ण रक्कम पालकांच्याही अहवालात दिसते. शिक्षण चालू असताना हप्ता सुरू झालेला नसला, तरी देणे उभे असतेच. बारावीच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मुलाच्या प्रवेशाच्या वर्षी स्वतःसाठी दुसरे कर्ज किंवा कार्ड काढायचे असेल, तर त्याचा विचार आधी करावा.

दुसरे कर्ज आमचे नव्हतेच. शाळेतल्या एका शिपाईभाऊंनी घराच्या दुरुस्तीसाठी एका सहकारी बँकेतून कर्ज काढले होते, आणि जामीनदार म्हणून आमची सही होती. सही केली आणि विसरून गेलो. त्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, म्हणून आमचा स्कोअर शाबूत होता. पण जामीनदार म्हणजे मूळ माणसाने न भरल्यास भरण्याची कबुली देणारा. ती कबुली अहवालात नोंदलेली होती, आणि कार्ड देणाऱ्या बँकेने ती आमच्या देण्यांत मोजली.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे यापुढे कोणासाठी सही करायची नाही. आम्ही तसे म्हणणार नाही. आपली मंडळी या गावात आली तेव्हा एकमेकांच्या शब्दावरच उभी राहिली. वाड्यातल्या एकाने दुसऱ्याला भाडे मिळवून दिले, नोकरीला लावले, सहकारी बँकेत त्याच्यासाठी सही केली. आमच्या वडिलांच्या पहिल्या कर्जावरही शेजाऱ्यांची सही होती. ते घर त्या सहीवर उभे राहिले. शिपाईभाऊंनी आज पुन्हा विचारले, तर आम्ही पुन्हा सही करू. फरक एवढाच की ती आता डोळे उघडे ठेवून करू: रक्कम किती, मुदत किती, हप्ता किती हे लिहून ठेवू, वर्षातून एकदा शिल्लक विचारू, आणि कर्ज फिटल्यावर आपले नाव मोकळे झाल्याचा कागद घेऊ. उपकार करणे वेगळे, आणि उपकार करून विसरणे वेगळे. बँकेच्या कागदावर दुसऱ्याला जागा नाही.

नकार आल्यावर काय करावे?

१. कारण लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांप्रमाणे, अर्ज नाकारल्यास त्याचे नेमके कारण बँकेने अर्जदाराला लेखी कळवायचे आहे. ‘अंतर्गत धोरणानुसार’ एवढेच मोघम उत्तर आले, तर नम्रपणे पुन्हा विचारावे. विचारण्यात लाज नाही. तो आपला हक्क आहे.

२. आपला पतअहवाल पाहावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसह विनामूल्य मिळतो. केवळ आकडा पाहून थांबू नये. नाव, जन्मतारीख, प्रत्येक कर्ज, ‘जामीनदार’ आणि ‘सहकर्जदार’ अशा नोंदी, खात्यांपुढचे शेरे, सगळे ओळीने वाचावे.

३. चूक असेल तर तक्रार नोंदवावी. दुरुस्ती तीस दिवसांत व्हायला हवी. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि २०२४ मध्ये अमलात आलेल्या नियमानुसार, त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हाताशी तक्रारीची तारीख आणि पोच असू द्यावी.

४. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे करून घ्यावे. पॅन, आधार, बँक खाते. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे आहे. मुलांच्या बाबतीत तर आताच सावध व्हावे. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आणि जे स्पेलिंग छापले जाते, तेच पुढे जन्मभर सोबत येते. म्हणून आपली कचेरी परीक्षेच्या अर्जाच्या वेळी पालकांची सही मागते, तेव्हा ती न वाचता करू नये.

५. लगेच दुसरीकडे अर्ज करू नये. आधी कारण दूर करावे, काही महिने जाऊ द्यावेत. कार्डाची निकड असेल, तर मुदत ठेवीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत. ठेव तारण राहते आणि तिच्या ठरावीक हिश्शाइतकी मर्यादा मिळते.

६. ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. अहवालातली खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तर कोणत्याही कारणाने तो देऊ नये.

बँकेने किंवा पतमाहिती कंपनीने तक्रारीची दखल घेतली नाही आणि तीस दिवस उलटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मात्र एक समजून घ्यावे. कार्ड द्यावे की न द्यावे, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे. लोकपाल तो बदलून देत नाहीत. कारण सांगणे आणि चूक सुधारणे, एवढे मात्र आपण मागू शकतो.

विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित

मुलांनो, तुम्हाला वाटेल हा मोठ्यांचा विषय आहे. पण यातले गणित तुम्ही आधीच शिकला आहात.

समजा, घरी हातात येणारा पगार ५०,००० रुपये आहे. घराचा हप्ता १५,००० आणि शैक्षणिक कर्जाचा ८,०००. एकूण २३,०००, म्हणजे पगाराच्या ४६ टक्के. आता बाबा एका कर्जाला जामीनदार आहेत, त्याचा हप्ता ७,०००. बँकेने तोही धरला तर ३०,०००, म्हणजे ६० टक्के. पगार तोच, स्कोअर तोच, आणि उत्तर बदलले.

दुसरे उदाहरण. कार्डाची मर्यादा ६०,००० आणि महिन्याचा खर्च ५४,०००. बिल पूर्ण आणि वेळेवर भरले, तरी वापर ९० टक्के दिसतो. तोच खर्च १८,००० असता तर ३० टक्के दिसला असता. ओढूनताणून खर्च चालवणाऱ्यावर बँक कमी विश्वास ठेवते.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. कार्डाचे बिल पूर्ण न भरता फक्त ‘किमान रक्कम’ भरली, तर उरलेल्या रकमेवर व्याज लागते. ते महिन्याला साडेतीन टक्के धरा. बारा महिन्यांचे किती? ४२ टक्के, आणि तेही चक्रवाढ न धरता. चक्रवाढीने किती होते, ते दहावीच्या मुलांनी काढून गणिताच्या सरांना दाखवावे. उत्तर पाहिल्यावर कार्ड न मिळण्याचे दुःख थोडे कमी होईल!

शेवटी

त्या भगिनींनी बँकेला पत्र लिहिले. आम्ही मसुदा हिंदीत करून दिला, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. बँकेचे उत्तर आले: उत्पन्नाचा पुरेसा पुरावा नाही. एका ओळीचे उत्तर, पण ते वाचून त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे माझ्यात काही खोट नाही तर," असे त्या म्हणाल्या. आता डब्यांसाठी त्यांनी स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड घेतला आहे. उत्पन्न कराच्या मर्यादेत बसत नसले, तरी यंदापासून आयकर विवरण भरायचे त्यांनी ठरवले आहे. कार्ड घ्यायचे की नाही, हे त्या नंतर ठरवणार आहेत. पण आपले उत्पन्न आपल्या नावावर असावे, हे मात्र त्यांनी ठरवून टाकले. आम्हाला वाटते, कार्डापेक्षा हेच अधिक मोलाचे आहे.

पालकहो, असा नकार आल्यास घरात तो लपवू नका. मुलांसमोर कागद उघडा, कारण वाचा, काय सुधारता येईल ते बोला. कमी गुण पडले की मुलांनी ते लपवू नयेत, असे आपण त्यांना सांगतो. मग मोठ्यांनी तरी का लपवावे? आणि ज्यांना अहवाल वाचायला किंवा पत्र लिहायला मदत हवी असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कचेरीत यावे. आमचे वाणिज्य विषयाचे सहकारी आणि आम्ही तेथे असू. फोन मात्र कपाटात असेल.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य